डेव्हलपर खाते उघडण्याआधी: नेमके काय हवे आहे आणि ते कोणाच्या नावाने असावे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही एका लहान संस्थेत प्रोग्रामिंगचे काम एकट्याने पाहता. संस्थेचा मेल, कॅलेंडर आणि फाइली मायक्रोसॉफ्ट ३६५वर आहेत, तर काही सहकारी आपल्या नोंदी गूगल शीट्समध्ये ठेवतात. या दोन्ही ठिकाणची माहिती एकत्र करून दर आठवड्याला एक अहवाल तयार करणारी आणि तो ठरावीक लोकांना मेलने पाठवणारी छोटी प्रणाली तुम्हाला लिहायची आहे. त्यासाठी तुम्ही मायक्रोसॉफ्टच्या डेव्हलपर प्रोग्राममध्ये नाव नोंदवले. नोंदणी झाली, पण चाचणीच्या सब्स्क्रिप्शनसाठी तुम्ही पात्र नाही असा संदेश आला. आता दुसऱ्या ईमेलने पुन्हा प्रयत्न करावा का, कार्यालयाचा पत्ता द्यावा की वैयक्तिक, आणि शेवटी पैसे भरावेच लागतात का, हे तुम्ही विचारले आहे.

तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टींची उत्तरे देतो, पण अडचण त्यांच्या थोडी अलीकडे आहे असे मला वाटते. अशा प्रणालींशी जोडणी करून देणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि नोंदणीच्या पानावर अडकलेल्या बहुतेकांना मी आधी एकच विचारतो: तुम्हाला यातून नेमके काय मिळवायचे आहे? कारण डेव्हलपर खाते म्हणून आपण ज्याच्या मागे लागतो, त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. पहिली म्हणजे कार्यक्रमाचे सदस्यत्व, ज्यातून मार्गदर्शक साहित्य, सूचना आणि काही सवलती मिळतात. दुसरी म्हणजे सरावासाठीची स्वतंत्र संस्था, म्हणजेच चाचणीचा टेनंट (टेनंट म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सेवेत एका संस्थेला मिळणारी स्वतंत्र जागा), ज्यात खोटे वापरकर्ते, त्यांचे मेलबॉक्स आणि फाइली असतात आणि जिथे काही बिघडले तरी कोणाचे नुकसान होत नाही. तिसरी म्हणजे ॲपची नोंदणी, म्हणजे तुमच्या प्रोग्रामला मिळणारी ओळख, जिच्या आधारे तो मेल किंवा फाइली वाचण्याची परवानगी मागू शकतो.

तुमचा अहवाल चालण्यासाठी या तिन्हींपैकी तिसरी गोष्ट अपरिहार्य आहे. दुसरी असल्यास फार बरे, पण ती मिळवण्याचे एकाहून अधिक मार्ग आहेत. पहिलीवाचून तुमचे काहीही अडत नाही. तुम्ही पहिली मिळवली, तिच्यातून दुसरी मागितली, ती नाकारली गेली, आणि त्यामुळे तिसरीही बंद झाली असे तुम्ही गृहीत धरले. ते खरे नाही. संस्थेच्या सध्याच्या टेनंटमध्ये ॲपची नोंदणी करण्यासाठी कोणत्याही डेव्हलपर कार्यक्रमाचे सदस्य असावे लागत नाही आणि त्या नोंदणीला वेगळे शुल्कही नाही.

ॲपची नोंदणी हवीच कशाला, असे कोणी विचारू शकेल, कारण पूर्वी प्रोग्राममध्ये सरळ वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड लिहून काम भागत असे. तो मार्ग आता बहुतांशी बंद झाला आहे. मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइनमधील, म्हणजे आपल्या मेलसेवेतील, नाव-पासवर्डची जुनी पद्धत १ ऑक्टोबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने बंद केली, आणि गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी त्याच वर्षीच्या मे महिन्याअखेर तसेच केले. त्याजागी ओऑथ २.० ही पद्धत आली. तिच्यात प्रोग्रामला पासवर्ड कधीच दिला जात नाही. त्याला मर्यादित अधिकारांचे आणि मर्यादित मुदतीचे टोकन मिळते, आणि ते कोणत्या ॲपला दिले याची नोंद राहते. हा बदल चांगलाच झाला. पासवर्ड फुटला तर सगळे खाते जाते. टोकन फुटले तर नुकसान निदान त्याच्या अधिकारांपुरते आणि मुदतीपुरते असते.

आता त्या अपात्रतेच्या संदेशाबद्दल. जानेवारी २०२४ पूर्वी हा डेव्हलपर प्रोग्राम जवळपास कोणालाही ई-५ या वरच्या दर्जाचे सब्स्क्रिप्शन देत असे: २५ वापरकर्त्यांचे परवाने, ९० दिवसांची मुदत, आणि खरोखर विकासकाम होत असल्याचे दिसल्यास मुदतवाढ. त्या महिन्यात नियम बदलले. सदस्यत्व आजही सर्वांना खुले आहे, पण सरावाचे सब्स्क्रिप्शन प्रामुख्याने व्हिज्युअल स्टुडिओ या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग साधनाच्या प्रोफेशनल किंवा एंटरप्राइज सब्स्क्रिप्शनधारकांना आणि मायक्रोसॉफ्टच्या काही भागीदार कार्यक्रमांत असलेल्या कंपन्यांना मिळते. इंटरनेटवरचे बरेचसे मार्गदर्शक लेख आणि व्हिडिओ त्या बदलाच्या आधीचे आहेत. ते पाहून नोंदणी करणाऱ्याला आपल्याच हातून काही चुकले असे वाटते; वस्तुतः पायऱ्या बरोबर असतात, नियमच बदललेला असतो.

म्हणूनच दुसऱ्या, तिसऱ्या ईमेलने पुन्हा पुन्हा नोंदणी करू नका, हे माझे पहिले स्पष्ट उत्तर. पात्रता ईमेलच्या पत्त्यावर ठरत नसून त्या खात्याशी जोडलेल्या सब्स्क्रिप्शनवर किंवा भागीदारीवर ठरते, त्यामुळे नव्या पत्त्याने निकाल बदलत नाही. शिवाय एकाच फोन क्रमांकावरून बरीच खाती उघडली तर पडताळणीच्या टप्प्यावर तो क्रमांकच अडवला जाऊ शकतो, आणि मग खऱ्या गरजेच्या वेळी अडचण होते. संस्थेत कोणाकडे व्हिज्युअल स्टुडिओचे पात्र सब्स्क्रिप्शन आहे का, एवढे मात्र जरूर विचारून घ्या. असेल तर ते ज्याच्या नावाने आहे, त्याने त्याच खात्याने डेव्हलपर प्रोग्राममध्ये प्रवेश केला पाहिजे. सब्स्क्रिप्शन एका ईमेलवर आणि नोंदणी दुसऱ्या ईमेलवर, असे असल्यामुळे पात्र माणसालाही नकार आल्याचे मी पाहिले आहे.

ते नसेल तर काय करावे, हे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि इथे सरसकट एक उत्तर देणे मला योग्य वाटत नाही.

तुमचा प्रोग्राम फक्त वाचन करणार असेल आणि संस्थेचा ॲडमिन सहकार्य करणारा असेल, तर संस्थेच्याच टेनंटमध्ये एक चाचणी-वापरकर्ता तयार करून घ्या, त्याला एक परवाना द्या, आणि केवळ त्याच्याच मेलबॉक्सवर आणि फाइलींवर विकास करा. यात नवे खाते, नवी संस्था असे काहीच उभे राहत नाही. पण प्रोग्राम लिहिणार असेल, खोडणार असेल, मेल पाठवणार असेल, किंवा त्याला सगळ्या वापरकर्त्यांचे अधिकार द्यावे लागणार असतील, तर वेगळा टेनंट हवाच. चालू संस्थेत असा प्रयोग करताना एक चुकीची चाळणी लावली गेली तरी शेकडो लोकांना मेल जाऊ शकतो, आणि गेलेला मेल परत आणण्याचा भरवशाचा उपाय नाही.

वेगळा टेनंट पैसे देऊन मिळवण्याचा सगळ्यात साधा मार्ग म्हणजे मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस बेसिकचा एकच परवाना घेणे. त्यातून खरा मेलबॉक्स आणि फाइली ठेवण्यासाठी वनड्राइव्ह व शेअरपॉइंट मिळते, टेनंटचे ॲडमिनपद तुमच्याकडे राहते, आणि मुदत संपून सगळे पुसले जाण्याची टांगती तलवार राहत नाही. ई-५मधील सुरक्षा आणि अनुपालनाच्या प्रगत सोयी त्यात नाहीत, पण अहवाल बनवणाऱ्या प्रणालीला त्या लागत नाहीत. महिनाभराची विनामूल्य चाचणी घेण्याचाही पर्याय असतो; मात्र ती कार्ड मागते आणि नूतनीकरण वेळेत बंद केले नाही तर सशुल्क होते, म्हणून नोंदणी केल्याच दिवशी बिलिंगच्या पानावर जाऊन ते बंद करून ठेवावे. ॲझ्युअर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेचे विनामूल्य खाते उघडले तर एन्ट्रा आयडीची, म्हणजे ओळख आणि लॉगिन सांभाळणाऱ्या सेवेची, एक डिरेक्टरी मिळते, आणि तिच्यात ॲपची नोंदणी, लॉगिन, टोकन हे सगळे शिकता येते; पण तिथे मेलबॉक्स किंवा शेअरपॉइंट नसल्यामुळे मेल वाचणारी विनंती पाठवली की त्रुटी येते. नवशिक्यांचा बराच वेळ इथे जातो, कारण प्रोग्राम बरोबर असूनही चालत नाही.

यांपैकी काहीही करण्याआधी ग्राफ एक्स्प्लोरर उघडून पाहा. ग्राफ हा मायक्रोसॉफ्ट ३६५च्या मेल, कॅलेंडर, फाइली या सगळ्यांकडे जाणारा एकच एपीआय, म्हणजे प्रोग्रामने माहिती मागण्याचा ठरलेला मार्ग, आहे, आणि एक्स्प्लोररमध्ये लॉगिन न करताही नमुना संस्थेच्या माहितीवर वाचनाच्या विनंत्या पाठवता येतात. आपल्याला कोणती विनंती लागणार, तिचे उत्तर कसे दिसते आणि तिला कोणती परवानगी लागते, एवढे कागदावर उतरले की कोणते खाते हवे हा प्रश्न बहुधा आपोआप लहान होतो.

आता पत्त्याचा प्रश्न, ज्याचे परिणाम लोकांना फार उशिरा कळतात. तुमच्याकडे दोन प्रकारची खाती असू शकतात. एक वैयक्तिक मायक्रोसॉफ्ट खाते, जे तुमच्या मालकीचे असते. दुसरे कार्यालयीन किंवा शाळेचे खाते, जे संस्थेच्या टेनंटमध्ये असते आणि ज्यावर तिथल्या ॲडमिनचा अधिकार चालतो. एकेकाळी कार्यालयाच्या ईमेलवर वैयक्तिक खातेही उघडता येत असे. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१६ मध्ये संस्थांच्या पत्त्यांसाठी ते थांबवले, पण त्याआधी उघडलेली खाती शिल्लक आहेत. तुमचा पत्ता टाकल्यावर ‘कार्यालयीन की वैयक्तिक’ असे विचारले जात असेल, तर तुमची तशी दोन खाती आहेत असे समजा. त्या प्रश्नाला एकदा एक आणि एकदा दुसरे उत्तर दिले की नोंदणी एका खात्यात आणि ॲप दुसऱ्यात जाते, आणि मग ‘काल केलेले आज दिसत नाही’ अशी तक्रार सुरू होते. वैयक्तिक खात्याचा ईमेल बदलून हा गुंता आधी सोडवा आणि मगच पुढे जा.

यासारखाच आणखी एक प्रकार आहे. ज्या संस्थेने आपले डोमेन मायक्रोसॉफ्टकडे कधीच नोंदवलेले नाही, तिथल्या एखाद्या कर्मचाऱ्याने कार्यालयाच्या ईमेलने काही सेवांसाठी स्वतःच नोंदणी केली, तर त्या डोमेनच्या नावाने एक निर्नायक टेनंट आपोआप तयार होतो. त्याला ॲडमिन नसतो, आणि पुढे संस्थेला तो ताब्यात घ्यायचा असल्यास डोमेनची मालकी डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरील नाव-पत्त्यांच्या यादीत, नोंद करून सिद्ध करावी लागते. तुमच्या संस्थेचा टेनंट आधीच आहे, त्यामुळे तुम्हाला ही भीती नाही. पण तुमची गूगल शीट्स वापरणारी मंडळी एखाद्या वेगळ्या उपसंस्थेच्या डोमेनवर असतील, तर त्यांना हे सांगून ठेवा.

माझा सल्ला असा आहे. हे काम संस्थेचे आहे, त्यामुळे चाचणीच्या टेनंटची नोंदणी तुमच्या वैयक्तिक मेलवर करू नका आणि तुमच्या नावाच्या कार्यालयीन मेलवरही करू नका. संस्थेत एक सामायिक पत्ता तयार करून घ्या, ज्याचे मेल किमान दोन जबाबदार व्यक्तींना दिसतात, आणि संपर्काचा व पुनर्प्राप्तीचा पत्ता म्हणून तोच द्या. तुम्ही नोकरी बदललीत, आजारी पडलात किंवा दीर्घ रजेवर गेलात, तरी मुदत संपत आल्याची सूचना कोणाच्या तरी नजरेस पडली पाहिजे. एका ठिकाणी वर्षानुवर्षे चालत आलेली प्रणाली केवळ एवढ्यासाठी बंद पडल्याचे मला ठाऊक आहे की, तिचा ॲडमिन म्हणून नोंदलेला पत्ता नोकरी सोडून गेलेल्या व्यक्तीचा होता आणि सांकेतिक क्रमांक तिच्या फोनवर जात होता. तिथे प्रोग्राम पुन्हा लिहिण्यापेक्षा मालकी सिद्ध करण्यातच अधिक काळ गेला. तुम्ही निव्वळ शिकण्यासाठी हे करत असतात तर मी उलट सांगितले असते: खाते वैयक्तिक असू द्या आणि संस्थेची एकही खरी फाइल त्यात नेऊ नका.

इथवरचे थोडक्यात असे: ॲपच्या नोंदणीसाठी तुम्हाला डेव्हलपर प्रोग्राम लागत नाही, सरावाचा टेनंट हवा असेल तर पात्र सब्स्क्रिप्शन शोधा, नाहीतर एका परवान्याचा सशुल्क टेनंट घ्या, आणि तो सामायिक पत्त्यावर नोंदवा.

नोंदणीच्या अर्जातले बहुतेक रकाने किरकोळ आहेत. दोन मात्र नाहीत. पहिला देशाचा. टेनंट तयार झाला की त्याचा देश बदलता येत नाही; माहिती कोणत्या भागातल्या केंद्रात राहील, कोणत्या सेवा उपलब्ध होतील आणि बिल कोणत्या चलनात येईल, हे त्यावर ठरते. घाईत यादीतले पहिले नाव तसेच राहू दिले, तर पुढे सगळे मोडून नवा टेनंट करण्यावाचून उपाय उरत नाही. दुसरा रकाना टेनंटच्या नावाचा, म्हणजे ‘डॉट ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉम’च्या आधी येणाऱ्या शब्दाचा. नंतर आपले डोमेन जोडता येते, पण हे मूळ नाव पुसता येत नाही आणि शेअरपॉइंटच्या पत्त्यांत तेच उतरते. त्यात संस्थेच्या नावापुढे चाचणी दर्शवणारा शब्द ठेवा, म्हणजे पत्त्याकडे पाहताच आपण सरावाच्या जागेत आहोत हे कळेल. एखाद्या प्रकल्पाचे किंवा व्यक्तीचे नाव तिथे नको. फोन क्रमांक खऱ्या मोबाइलचा द्या. इंटरनेटवरून मिळणारे क्रमांक पडताळणीत बहुधा नाकारले जातात. कंपनी आणि उद्देश या रकान्यांत जे खरे आहे तेच लिहा. सरावाचे सब्स्क्रिप्शन विकासासाठी आणि चाचणीसाठीच दिलेले असते, त्यावर संस्थेचे रोजचे काम चालवणे अटींच्या विरुद्ध आहे. अहवाल तयार झाल्यावर तो प्रत्यक्षात तुमच्या मुख्य टेनंटवर चालला पाहिजे, चाचणीच्या नव्हे, हे आत्ताच ठरवून ठेवा.

नोंदणीत एक गोष्ट हमखास गोंधळ घालते. डेव्हलपर प्रोग्राममध्ये तुम्ही ज्या खात्याने शिरता ते एक, आणि त्यातून मिळालेल्या टेनंटचे ॲडमिन खाते दुसरे. दोन्हींचे पासवर्ड वेगळे, लॉगिनचे नाव वेगळे. दुसऱ्या खात्याचे नाव ‘ऑनमायक्रोसॉफ्ट’वर संपते. ते दोन्ही एकाच ब्राउझरमध्ये उघडलेत, तर कोणते पान कोणत्या खात्यात आहे हे कळेनासे होते आणि चाचणीच्या समजुतीने केलेला बदल मुख्य संस्थेत जाऊ शकतो. चाचणीच्या टेनंटसाठी ब्राउझरचे स्वतंत्र प्रोफाइल करा, त्याला ठळक वेगळा रंग द्या, आणि संस्थेच्या मुख्य ॲडमिन खात्याने त्या प्रोफाइलमध्ये कधीही लॉगिन करू नका. मी स्वतः याबाबत कोणतीही सूट घेत नाही.

टेनंट हाती आला की सगळ्यात आधी दुसरा ग्लोबल ॲडमिन, म्हणजे सर्व अधिकार असलेला ॲडमिन, तयार करा. २२ ऑक्टोबर २०१९ नंतर तयार झालेल्या टेनंटमध्ये मूलभूत सुरक्षा-नियम सुरुवातीपासून चालू असू शकतात, म्हणजे लॉगिन करताना फोनमधील ॲपवरून दुहेरी पडताळणी करावी लागते. ते त्रासदायक वाटते म्हणून बंद करण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नका. फोन हरवण्याची शक्यता गृहीत धरून दुसरा ॲडमिन ठेवणे हा त्यावरचा योग्य उपाय आहे. मायक्रोसॉफ्टची शिफारसही किमान दोन आपत्कालीन ॲडमिन खाती ठेवण्याची आहे. एकच ॲडमिन असलेला टेनंट कुलूपबंद झाला, तर तो परत मिळवताना ओळख पटवण्याचे सगळे सोपस्कार करावे लागतात.

त्यानंतर ॲपची नोंदणी. एन्ट्रा ॲडमिन केंद्रात ती काही मिनिटांत होते, पण तिथले तीन निर्णय विचार करून घ्यावेत. कोणत्या खात्यांना हे ॲप वापरता यावे, असे विचारले जाते. तुमच्या अहवालासाठी ‘फक्त याच संस्थेतील खाती’ हा पर्याय निवडा. अनेक संस्थांसाठी खुले ठेवलेले ॲप म्हणजे विनाकारण उघडे ठेवलेले दार. शिवाय नोव्हेंबर २०२० पासून प्रकाशकाची पडताळणी न झालेल्या अशा नव्या ॲपला बाहेरच्या संस्थांतील सामान्य वापरकर्ते बहुतेक वेळा स्वतः संमती देऊ शकत नाहीत, त्यामुळे ते खुले ठेवून तुमच्या पदरात काही पडत नाही.

दुसरा निर्णय सीक्रेटचा, म्हणजे ॲपने स्वतःची ओळख पटवण्यासाठी वापरायच्या गुप्त शब्दाचा. ॲपचे सीक्रेट तयार केल्यावर त्याचे मूल्य एकदाच दिसते. पान सोडले की पुन्हा दिसत नाही, आणि मग नवे करावे लागते. ते कोडमध्ये लिहू नका, मेलने पाठवू नका, संस्थेच्या पासवर्ड-व्यवस्थापकात ठेवा. पोर्टलवरून त्याची मुदत जास्तीत जास्त २४ महिने ठेवता येते. मुदत संपते त्या दिवशी प्रणाली कोणतीही पूर्वसूचना न देता थांबते, म्हणून संपण्याच्या महिनाभर आधीची नोंद सामायिक कॅलेंडरमध्ये त्याच क्षणी करून ठेवावी. शक्य असेल तर सीक्रेटऐवजी प्रमाणपत्र वापरा. ते अधिक सुरक्षित आहे.

तिसरा निर्णय परवानग्यांचा, आणि माझ्या मते सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा. परवानगी दोन प्रकारची असते. एकीत ॲप लॉगिन केलेल्या व्यक्तीच्या वतीने काम करते, त्यामुळे त्या व्यक्तीला जे दिसते त्यापलीकडचे ॲपला दिसत नाही. दुसरीत ॲप स्वतःच्या नावाने, कोणी लॉगिन केलेले नसतानाही काम करते. रात्री आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामला ही लागते, आणि तिला ॲडमिनची संमती अनिवार्य असते. दुसऱ्या प्रकारची मेल वाचण्याची परवानगी दिली, की त्या ॲपला मुळात संस्थेतील प्रत्येक मेलबॉक्स वाचता येतो. नमुना प्रोग्राममध्ये लिहिले आहे म्हणून ती मागणारे प्रोग्रामर आणि वाचूनही न पाहता ती मंजूर करणारे ॲडमिन, दोन्ही मी पाहिले आहेत, आणि याची मला मनापासून काळजी वाटते. तुमचे सहकारी आपल्या प्रकृतीविषयी, पगाराविषयी, वरिष्ठांविषयी त्याच मेलमध्ये लिहीत असतात. एक्स्चेंजमध्ये ॲपचा अधिकार ठरावीक मेलबॉक्सपुरता मर्यादित करता येतो, आणि शेअरपॉइंटसाठी निवडक साइटपुरतीच परवानगी देण्याची सोय आहे. त्या दोन्ही वापरा. ॲडमिनकडे मागणी करताना कोणती परवानगी, कोणत्या मेलबॉक्ससाठी आणि कशाला, हे एका पानावर लिहून द्या. ती मागणी लवकर मंजूर होते, असा माझा अनुभव आहे.

गूगलकडची बाजू थोडी वेगळी आहे. तिथे वेगळा डेव्हलपर टेनंट मागावा लागत नाही. गूगल क्लाउड कन्सोलमध्ये प्रकल्प तयार करायचा, शीट्सचा एपीआय चालू करायचा आणि संमतीच्या पानाची माहिती भरायची. शीट्सच्या एपीआयला शुल्क नाही, फक्त वापराची मर्यादा आहे. महत्त्वाचा प्रश्न आहे तो वापरकर्त्यांच्या प्रकाराचा. तुमचे सहकारी संस्थेच्या गूगल वर्कस्पेसमध्ये असतील, तर ‘अंतर्गत’ हा प्रकार निवडता येतो आणि गूगलच्या पडताळणीची गरजच पडत नाही. ते वैयक्तिक जीमेल खाती वापरत असतील, तर ‘बाह्य’ प्रकारावाचून पर्याय नाही, आणि ॲप चाचणीच्या अवस्थेत असेपर्यंत नोंदवलेल्या जास्तीत जास्त १०० चाचणी-वापरकर्त्यांनाच ते वापरता येते. त्या अवस्थेत रिफ्रेश टोकन, म्हणजे ज्याच्या आधारे ॲप पुन्हा लॉगिन न करता नवे टोकन घेते ते, सात दिवसांत संपते. तुमचा अहवाल आठवड्याचा आहे, हे लक्षात घ्या: पहिल्या आठवड्यात सुरळीत चाललेला प्रोग्राम दुसऱ्या आठवड्यात बंद पडेल आणि तुम्ही दोष कोडमध्ये शोधत बसाल.

त्यावर उपाय म्हणजे परवानगीच लहान मागणे. ड्राइव्हमधील सगळ्या फाइली वाचण्याची परवानगी गूगल सर्वांत कडक वर्गात मोडते, आणि सार्वजनिक ॲपने ती घेऊन माहिती आपल्या सर्व्हरवर नेली तर दरवर्षी सुरक्षा-तपासणी करून घ्यावी लागू शकते. त्याउलट वापरकर्त्याने स्वतः निवडून दिलेल्या फाइलींपुरती परवानगी संवेदनशील मानली जात नाही. तुम्हाला मोजक्याच शीट्स वाचायच्या असतील, तर त्याहून सोपा मार्ग सेवा खात्याचा आहे: प्रकल्पात एक सेवा खाते, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामसाठी असलेले खाते, तयार करा आणि सहकाऱ्यांना आपल्या शीट्स त्या खात्याच्या पत्त्याशी, केवळ पाहण्याच्या अधिकाराने, शेअर करायला सांगा. तेवढेच दिसते, आणि शेअरिंग काढले की दिसणे थांबते. वर्कस्पेसच्या ॲडमिनने संस्थेबाहेर शेअर करण्यावर बंदी घातलेली असेल तर हे चालणार नाही, म्हणून आधी त्याला विचारा.

ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे शीट्सला जोडून प्रोग्राम लिहिण्याची गूगलची सोय, वापरावे का, असे बहुतेक तुमच्या मनात येईल. शीट्सपुरते काम असते तर मी तेच सुचवले असते, कारण त्याला वेगळी नोंदणी जवळजवळ लागतच नाही. पण एका वेळच्या चालण्याला सहा मिनिटांची मर्यादा आहे, वैयक्तिक खात्यावरून दिवसाला १०० प्राप्तकर्त्यांपर्यंतच मेल जातो, आणि वेळापत्रकाने चालणारी स्क्रिप्ट ती लावणाऱ्या व्यक्तीच्या खात्याला बांधलेली असते. ते खाते बंद झाले की अहवालही बंद. तुमची अर्धी माहिती मायक्रोसॉफ्टकडे असताना प्रणालीचा कणा तिथे ठेवण्याचे काही कारण मला दिसत नाही.

पैशांबद्दलचे उत्तर यातूनच निघते. ॲपची नोंदणी आणि शीट्सचा एपीआय यांना पैसे पडत नाहीत. वेगळा टेनंट घेतलात तर एका परवान्याचे मासिक शुल्क पडेल, आणि तोच एकमेव आवश्यक खर्च आहे. तो संस्थेच्या खात्यातून जावा, तुमच्या कार्डावरून नव्हे. व्यक्तीच्या कार्डाची मुदत संपली की सेवा अडते.

पुढचे नेमके सांगण्यासाठी मला दोन गोष्टी कळायला हव्यात. अहवालासाठी तुम्हाला एका सामायिक कॅलेंडरमधून वाचायचे आहे की प्रत्येक सहकाऱ्याच्या स्वतंत्र कॅलेंडरमधून? आणि शीट्स ठेवणारे सहकारी वर्कस्पेसवर आहेत की वैयक्तिक जीमेलवर? सामायिक कॅलेंडर आणि वर्कस्पेस असे उत्तर असेल, तर मेल पाठवण्याचा भाग सोडून वाचनाचे काम तुम्ही वेगळ्या टेनंटवाचून, संस्थेतील एका चाचणी-वापरकर्त्यावर लगेच सुरू करू शकता. प्रत्येकाचे कॅलेंडर वाचायचे असेल, तर कोड लिहिण्याआधी ॲडमिनशी बोला आणि ज्यांची कॅलेंडरे वाचली जाणार आहेत, त्या सहकाऱ्यांनाही तसे कळवा.